सोवळ्यात केलेला मुरंबा

वर्धा,
ता. २४ नोव्हेंबर १९५७

प्रिय कमल,

तुझं पत्र मंगळवारीच आलं. जबलपूरला थंडी पडली आणि तुझ्या सासूबाईंची कंबर पुन्हा धरली हे वाचलं. इकडे थंडी अजून नावालाच आहे. माझे गुडघे बरे म्हणायचे. अन्नपूर्णा वन्संचा स्वभाव आहे तसाच आहे. हे गेल्यापासून त्या आणि मी अशा दोघी विधवा या घरात राहतो. स्वयंपाकघर त्यांचं, अंगण माझं. अंगणातल्या लिंबाला यंदा इतकी लिंबं लागली आहेत की फांद्या टेकू देऊन उभ्या केल्या आहेत.

तू विचारलंस, मी दर गुरुवारी मोटारीचे धक्के खात सेलूला कशाला जाते. सांगते. हसू नकोस.

मागच्या वर्षी सेलूला महिला मंडळ निघालं. बायकांना घरबसल्या उद्योग मिळावा असं सरकारच्या मनात आलं. एक पत्र्याची शेड मिळाली, दोन मोठ्या शेगड्या मिळाल्या आणि उद्योग कोणता करायचा हे ठरवायला एक सल्लागार समिती मिळाली. समितीत पाच पुरुष आणि 'शिकलेली स्त्री' म्हणून मी. पाचांपैकी एकालाही चहा करता येत नसेल. अध्यक्ष सदाशिवराव. कापसाचे दलाल आहेत, पण खादी घालतात. ते म्हणाले, पापड करा. पापड तर जगात सगळ्याच करतात. मी म्हटलं, इथे शेताशेताच्या बांधावर अंबाडी उभी आहे, तिच्या लाल बोंडांची जेली करू.

आठवतं ना? सिस्टर आग्नेस कॉन्व्हेंटच्या मागच्या अंगणात करायच्या तीच. ते मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं, तो लाल वाफारा, आणि थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवून बघणं. सुरकुती पडली की झाली. आपण दोघी रांगेत उभ्या राहून पावावर घालून खायचो आणि घरी जायच्या आधी नळावर खळखळून चूळ भरायचो. एकदा तुझ्या फ्रॉकवर डाग पडला तर तू आईला शाई म्हणून सांगितलंस. लाल शाई!

तर त्या जेलीला आम्ही 'अंबाडीचा मुरंबा' म्हणतो. करणाऱ्या चौघी. धुरपता, तानाबाई आणि कांता या मागच्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या, आता बौद्ध आहेत. चौथी बायजा, गोंडाची. सगळ्यांत हुशार धुरपता. चाळिशीची असेल. बशी-बिशी तिला लागत नाही. डाव वर उचलते, पाकाचे दोन थेंब काठावर येऊन एक होऊन पडले की म्हणते, "झालं बाई, उतरवा." मी तरी बशी करतेच. दर खेपेला तिचंच बरोबर निघतं. दुपारी पाक निवेपर्यंत मी तिला अक्षरं शिकवते. डोकं चपळ आहे. म्हणते, "मले काऊन कोनी आधी नाई शिकवलं, आता डोळे गेल्यावर शिकून राह्यली मी."

मी काय करते? पुस्तकातून माप काढून देते, दर खेपेला घरची पंचवीस लिंबं नेते (सिस्टरच्या कृतीत लिंबू होतं), आणि समितीला तोंड देते. हे शेवटचं काम सगळ्यांत घाण. या समितीचा मला वीट आला आहे, कमल. पंधरा दिवसांनी एक साहेब 'पाहणी'ला येतो. बायका उभ्या राहतात. साहेब बाटलीत बोट घालतो, चाटतो, "वा, वा," म्हणतो, तेच बोट दुसऱ्या बाटलीत. भरलेल्या, मेण लावायच्या बाटल्या. सदाशिवराव म्हणतात, "घ्या ना साहेब, आणखी घ्या, आपल्या भगिनींचा माल आहे." बायजा तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, तानाबाई पदर तोंडात कोंबून हसली. साहेब गेल्यावर त्या बाटल्या धुरपताने पुन्हा उकळल्या.

मागितल्या होत्या झाकणाच्या बाटल्या. आल्या दोन पाट्या. एका पाटीवर मंडळाचं नाव, दुसरीवर समितीच्या सभासदांची.

तू विचारलंस मुरंब्याची चव कशी आहे, सिस्टरच्या जेलीसारखी आली का. रंग अगदी तसाच आला आहे. उन्हात बाटली धरली तर चर्चच्या खिडकीची काच वाटते.

तुझी,
भागीरथा


वर्धा,
ता. १९ जानेवारी १९५८

प्रिय कमल,

तिळगूळ पोचला. वन्संनी देवापुढे ठेवून मग वाटला. मी पाठवलेल्या दोन बाटल्या तुला मिळाल्या आणि तुझ्या सासूबाईंनी पोथी झाल्यावर चाटून चाटून खाल्ल्या, हे वाचून बरं वाटलं.

इथलं प्रदर्शन पार पडलं. पार पडलं म्हणजे काय झालं ते ऐक. तीन दिवस मैदानात मांडव, आमच्या टेबलावर दीडशे बाटल्या. बायकांची झुंबड. वकिलांच्या, डॉक्टरांच्या, मास्तरांच्या बायका. बाटली उचलायच्या, उन्हात धरायच्या, "अगंबाई, किती सुरेख!" म्हणायच्या. मग हळूच माझ्या कानाशी, "पण केलंय कोणी?" मी चौघींकडे हात करायची. चौघी इस्त्रीची लुगडी नेसून बाकावर बसलेल्या. बाटली खाली. काही जणी तर पदराला बोटं पुसायच्या. काच होती गं, कमल. बंद काच. तरी पुसायच्या. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठून गेले.

तीन दिवसांत चार बाटल्या खपल्या. त्यातल्या दोन मी घेतल्या, त्या तुझ्या.

धुरपता सगळं बघत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, "बाई, आमाले घरी बसवलं असतं त माल खपला असता." मी म्हटलं, "असं बोलू नये." ती म्हणाली, "मी नाई बोलून राह्यली, टेबल बोलून राह्यला."

मग प्रभाकरराव आले. बाजारातले किराणेवाले, मोठं दुकान आहे. गोड माणूस. इतका गोड की हात धुवावेसे वाटतात. ते सदाशिवरावांना म्हणाले, "संक्रांत तोंडावर आलीय. हळदीकुंकवाला वाण लुटायला बायकांना नवीन काहीतरी हवंच असतं. सगळा माल मी उचलतो, आणखी शंभर बाटल्यांची मागणी देतो. एकच करा. लेबलावर 'सोवळ्यात केलेला' एवढं टाका."

सदाशिवराव म्हणाले, "त्यात काय, स्वच्छच तर आहे."

"तेच म्हणतो मी," प्रभाकरराव म्हणाले. "स्वच्छ म्हणजेच सोवळं. शब्दाचा काय तो फरक."

खादीतला माणूस आणि किराण्यातला माणूस एकमेकांकडे बघून हसले. ते हसू मला अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

जुनी लेबलं काढली, नवी लावली. अडीचशेतल्या बहुतेक बाटल्या आठ दिवसांत गेल्या. आमच्याच आळीत पाच घरी वाण म्हणून लुटल्या. मी विधवा, मला कोण बोलावतं, पण ओटीवरून दिसत होतं. प्रदर्शनात बोटं पुसणाऱ्या त्याच दोघी-तिघी बाटल्या ओटीत घेऊन जात होत्या. चौघींना तीन आठवडे पुरेल एवढं काम मिळालं. कांताने पोरीचं नाव शाळेत घातलं. हे खरं आहे आणि चांगलं आहे. असं मी स्वतःला सांगते.

लेबलं कोणी लिहिली, विचारू नकोस. छापायला वेळ नव्हता, हाताने लिहिली.

तू सासूबाईंसाठी आणखी दोन बाटल्या मागतेस, "तुमच्या गावात सोवळ्यातल्या मिळतात म्हणे, त्याच पाठव." हे कुठून कळलं तुला? माझ्या भाचीने लिहिलं असेल. पाठवते, सवडीने.

तुझी,
भागीरथा


वर्धा,
ता. २३ फेब्रुवारी १९५८

प्रिय कमल,

प्रकृती ठीक. गुडघे ठीक. बाकी काहीच ठीक नाही.

पंधरा दिवसांपूर्वी धुरपता घरी आली. बाजाराला वर्ध्यात आली होती. अंगणात उभी राहिली. ती नेहमी अंगणातच उभी राहते, आणि मी तिला कधी 'वर ये' म्हटलेलं नाही. हातात आमची बाटली. प्रभाकररावांच्या दुकानातून विकत घेतलेली. स्वतःच्या हाताने केलेला मुरंबा तिने विकत घेतला होता.

"बाई, वाचून दाखवते मी," म्हणाली. आणि बोट ठेवून वाचलं. "सो. व. ळ्या. त. के. ले. ला." 'ळ्या' पाशी अडखळली, पुन्हा वाचलं, बरोबर वाचलं. मी शिकवलेली पद्धत. बोट अक्षराखाली, अक्षरावर नाही.

"बरोबर हाय का?"

"बरोबर आहे."

"कोनाचं अक्षर होय हे?"

मी लिंबाच्या फांदीचा टेकू सारखा करायला लागले.

"मी ह्याच अक्षरातून शिकली, बाई. तुमचा 'ळ' असा लोंबतो. गावात दुसऱ्या कोनाचा नाई लोंबत."

वन्सं दारात येऊन उभ्या होत्या. धुरपता ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बाटली पायरीवर ठेवली आणि विचारलं, "आमी केलं असं नसतं लिवलं तरी चाललं असतं. पन तुमी दुसऱ्याच कोनी केलं असं काऊन लिवलं?"

हो, कमल. मी लिहिली. अडीचशे. तीन संध्याकाळी ओटीवर बसून, सिस्टरनी घोटून घेतलेल्या त्याच वळणात. दर वेळी वाटलं, ही एवढी संक्रांत निघू दे. आता तू सुद्धा मला त्या प्रदर्शनातल्या बायकांत बसव. जागा आहे तिथे.

त्यानंतरच्या गुरुवारी समितीची सभा झाली. धुरपता उभी राहिली आणि म्हणाली, लेबलावर चौघींची नावं पाहिजेत, नाहीतर आम्ही शेगडी पेटवत नाही. सदाशिवराव हसले. "अहो धुरपताबाई, गिऱ्हाइकाला माल पाहिजे, नाव कोणाला पाहिजे?"

"मंग पाटीवर तुमचं काऊन हाय?"

 मग सदाशिवरावांनी तोडगा काढला. असे तोडगे काढायलाच अशी माणसं जन्माला येतात. लेबल खोटं आहे ना? मग खरं करू. वर्ध्याहून दोन ब्राह्मण विधवा आणू, त्या सोवळ्यात पाक करतील. या चौघींनी बोंडं सोलायची, बाटल्या धुवायच्या, लाकडं आणायची. "कोणाचंही काम जात नाही. सगळ्यांचं भलं." पाचही जणांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. पण नाही सुद्धा म्हटलं नाही. सभेची नोंद लिहायचं काम माझं. मी लिहिलं, 'ठराव एकमताने मंजूर.' एकमतात मी आलेच.

धुरपता म्हणाली, "तुमचं सोवळं तुमीच शिजवा." चौघी उठल्या. बायजाने जाताना शेगडीवरचं पातेलं पालथं घातलं, कोणी मेल्यावर घालतात तसं.

त्या दोन विधवा आल्या. बिचाऱ्या. त्यांनी या जन्मात अंबाडीची भाजी सोडून काही केलं नव्हतं. पहिला घाणा पातळ राहिला, दुसरा जळला. शेडमध्ये जळक्या साखरेचा वास अजून बसला आहे. सदाशिवराव आता पापडाचं बोलतात. मला हे लिहिताना शिसारी येते, आणि ती फक्त त्यांचीच आली असती तर किती सोपं झालं असतं.

तुझ्या दोन बाटल्या पाठवल्या नाहीत. का, ते आज नाही लिहिता येत.

तुझी,
भागीरथा


वर्धा,
ता. १६ मार्च १९५८

प्रिय कमल,

समितीचा राजीनामा दिला. त्याबरोबर एक कागद सदाशिवरावांना आणि एक प्रभाकररावांना, 'सोवळ्यात केलेला हे लेबल मी लिहिलं, ते खोटं आहे, माल धुरपता, तानाबाई, कांता आणि बायजा यांनी केला आहे.' खाली सही. प्रभाकररावांनी उरलेल्या बाटल्या माणसाच्या डोक्यावर देऊन माझ्या ओटीवर परत पाठवल्या. वाण घेतलेल्या बायकांपैकी कोणी प्रायश्चित्त घेतलं, कोणी नुसतंच माझ्याशी बोलणं टाकलं. एकीने दारावरून जाताना मोठ्याने म्हटलं, "मिशनरी शाळेत शिकलेल्या, त्यांना कसला विधिनिषेध!" तेवढंच सिस्टर आग्नेसच्या वाट्याला आलं.

मागच्या रविवारी सेलूला गेले. शेडमध्ये नाही, त्यांच्या वस्तीत. दोन वर्षं जात होते, पण वस्तीत पाय ठेवला नव्हता. धुरपताचं दार कोणतं हे एका म्हातारीला विचारावं लागलं.

काय बघितलं सांगते. अंगणात चूल, चुलीवर वस्तीची लग्नाची कढई. सगळ्यांची मिळून असलेली. मोसम संपला, पण धुरपताने हिवाळ्यातच दोन पोती बोंडं वाळवून ठेवली होती. दवाखान्यातल्या कंपाउंडरने, तोही त्यांच्यातलाच, औषधाच्या रिकाम्या बाटल्या दिल्या होत्या, त्या एका पिंपात उकळत होत्या. तानाबाईचा भाऊ रेल्वेत आहे, तो नागपूरला पेटी घेऊन जातो. तिथल्या वस्त्यांत तासाभरात संपते म्हणे. ना समिती, ना पाहणी, ना पाटी. सरकारने दोन वर्षांत जे जमवलं नाही ते यांनी पंधरा दिवसांत एकमेकींच्या घरून उचलून आणलं. आणि मी वर्षभर बाटल्यांसाठी अर्ज लिहीत बसले होते!

मी माफी मागायला गेले होते. मागितलीही. धुरपता कढई ढवळत होती. म्हणाली, "बसा." मी चुलीशी बसले. तिने डावातून थोडा मुरंबा बशीत घातला आणि माझ्यापुढे ठेवला.

कमल, तू तीनदा विचारलंस, चव कशी आहे. मी रंग सांगितला, काच सांगितली. मी तो कधी तोंडात घातलाच नव्हता. दोन हंगाम. मापं मी दिली, लेबलं मी लिहिली, तुला आणि साऱ्या जगाला मी सांगितलं की उत्तम झालाय. चाखला नाही. दर गुरुवारी काही ना काही निघायचं. उपास, पोट, दाताची ठणक. प्रदर्शनातल्या बायका निदान उघडउघड बोटं पुसत होत्या.

धुरपताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाकी तिघींनाही. म्हणाली, "तुमची एकादशी दर गुरुवारी कशी येते, याच्यावर आमची पैज लागे."

मी बोटाने घेतला. आणि घसा बंद झाला. खोटं सांगत नाही, अंगावर काटा आला, तोंडाला आतून पाणी सुटलं ओकारीचं. चौपन्न वर्षांचं शिकवलेलं एका घासाने जात नाही. कॉन्व्हेंटमध्ये गोऱ्या बाईच्या हातचं आपण रांग लावून खाल्लं. तिथे एका चुळीवर भागलं, हे काहीतरी खोल होतं. मला माझ्याच घशाची किळस आली. चौघी बघत होत्या.

"गिळा बाई," धुरपता म्हणाली, "विख नाई त्याच्यात."

तानाबाई म्हणाली, "असतं त आमीच कवाच मेलो असतो, रोज चाखून चाखून."

सगळ्या हसल्या. मी गिळला. मग धुरपताने, एखाद्या कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं, विचारलं, "कसा उतरला पाक?"

मी म्हटलं, "छान. पण लिंबू जरा कमी वाटतं."

तशी कांता जमिनीवर बसून हसायला लागली. लिंबू त्यात नव्हतंच. पहिल्याच घाण्याला त्यांनी घालून बघितलं होतं, अंबाडी मुळात आंबट, त्यावर लिंबू, दात आंबले. तेव्हापासून माझी पंचवीस लिंबं दर गुरुवारी चौघी वाटून घरी नेत आणि भाकरीशी खात. "तुमची लिंबं लय रसाळ हायत बाई," बायजा म्हणाली. तिचं मराठीतलं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? धुरपता म्हणाली, "चाखलं असतं त कळलंच असतं."

निघताना तिने कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला. "अक्षर तुमचं चांगलं हाय. आमी सांगतो थे लिवा." तिने सांगितलं, मी लिहिलं. 'अंबाडीचा मुरंबा. धुरपता, तानाबाई, कांता, बायजा. बौद्ध वस्ती, सेलू.' माझ्या तोंडून निघून गेलं, "वस्तीचं नाव कशाला? गिऱ्हाईक..." आणि मी थांबले. धुरपता म्हणाली, "थेच तर पायजे." बायजा म्हणाली तिचं नाव शेवटी का. त्यावर चौघींचं भांडण लागलं, मग दर चार चिठ्ठ्यांना नावांचा क्रम बदलायचा असं ठरलं. मी ऐंशी लिहिल्या. ती मला अहो-जाहो करते आणि मी तिला अजून अगं-तुगं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. निघताना 'येते, धुरपताबाई' म्हटलं, तर ती म्हणाली, "आता हे काय नवीन?" पण हसली नाही.

घरी आल्यावर वन्संना सगळं सांगितलं. त्यांनी माझं ताट-भांडं ओटीवर काढून ठेवलं आहे. स्वयंपाकघराचा उंबरा मला बंद. मी ओटीवर स्टोव्ह मांडला आहे. दोन दिवस पिठलं-भात केला, तिसऱ्या दिवशी वन्सं दारात येऊन म्हणाल्या, "हिंग जास्त झालाय, वासावरून कळतं." तेवढं बोलणं आहे.

आता तुझं. संक्रांतीला तुझ्या सासूबाईंनी चाटून खाल्लेल्या त्या दोन बाटल्या धुरपताने केल्या होत्या. तुला ते माझ्या पत्रांवरून ठाऊक आहे, पण बाटलीवर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझं म्हणशील तर मी लेबलांचं तुझ्यापासून लपवलं त्याची माफी मागते, त्यांनी खाल्लं त्याची नाही.

या पत्राबरोबर पार्सलाने दोन बाटल्या पाठवत आहे. लेबल वाच. नावं वाच, वस्तीचं नाव वाच. मागच्या वेळी बाटलीवर नावं नव्हती, या वेळी आहेत. आपण दोघी एका रांगेत उभ्या राहून खाल्लेलं आहे, म्हणून हे फक्त तुलाच लिहिते आहे.

उघडलीस तर कळव. नाही उघडलीस तरी कळव. पण रंग सुरेख आहे, एवढंच लिहून पाठवू नकोस.

वाट बघते,
भागीरथा